विरजणातला रुपया

आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत काचेचे दोन चंबू होते. एकाला मी मोठा म्हणायचे, दुसऱ्याला धाकटा. एकोणीस वर्षं ते जिवंत होते, आणि ते मी जिवंत ठेवले होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे माझ्या हातून जे झालं त्याचा राग आला तरी निदान कारण कळेल.

मी कांता धुरी. लालबागला राहते, परळच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात अटेंडंट आहे. काचेची भांडी धुवायची, वाफेवर निर्जंतुक करायची, मुलांच्या प्रॅक्टिकलची मांडामांड करायची, हे माझं काम. चंबू माझ्या कामात नव्हते. ते माझ्याकडे आले ते असे.

नूपुर मॅडम तेव्हा विभागात नव्या होत्या. राजस्थानातल्या एका तांब्याच्या खाणीतून त्यांनी बाटलीभर लालसर पाणी आणलं आणि माझ्यासमोर धरलं. "कांता, यात जिवाणू आहेत. लोखंड खातात."

मी म्हटलं, "मॅडम, लोखंडाचे चणे नुसते ऐकले होते. खाणारे आज बघितले."

त्या खूप हसल्या. आणि मला दाखवलं. या जिवाणूंना साखर नको, दूध नको, मांसाचा अर्क नको. हिराकस घातलेलं आंबट पाणी द्यायचं, एवढंच. हिराकसातलं लोखंड ते खातात, आणि हिरवट पाणी चार-पाच दिवसांत काताच्या रंगाचं होतं. रंग आला की समजायचं, पोरं जेवली. मग त्यातलं थोडं नव्या पाण्यात घालायचं, की तिथे परत तेच. दर पंधरा दिवसांनी. चुकवलं तर मेली.

"म्हणजे विरजणच की हो," मी म्हटलं.

"अगदी विरजण," मॅडम म्हणाल्या. "तूच सांभाळ."

एकोणीस वर्षांत मी एक पंधरवडा चुकवला नाही. सासूबाईंच्या दिवसकार्यातसुद्धा अकराव्या दिवशी येऊन गेले. टाळेबंदीत पोलिसाला पास दाखवून लालबागहून चालत यायचे. तो विचारायचा, "मावशी, एवढं काय आहे कॉलेजात?" मी म्हणायचे, "पोरं उपाशी आहेत." तो बिचारा वाट सोडायचा. मॅडम रोज सकाळी दारातून डोकावून विचारायच्या, "कांता, पोरं काय म्हणतात?" त्या एका वाक्यावर माझा दिवस जायचा.

मग दोन वर्षांपूर्वी संघमित्रा आली.

वरळीच्या बीडीडी चाळीतली मुलगी. सव्वीस वर्षांची, बारीक, चष्मेवाली, बोलणं फटाफट. पीएच.डी. करायला आलेली. मॅडमना आता मोबाइलच्या भंगारातलं तांबं या जिवाणूंकडून सोडवून घ्यायचं होतं. पण भंगारात एकटं तांबं नसतं. शिसं असतं, निकेल असतं, आणखी काय काय असतं. त्यातला कुठला धातू किती झाला की जिवाणू मरतात, हा संघमित्राचा विषय. सोप्या भाषेत सांगायचं तर माझ्या पोरांना थेंब थेंब विष पाजून कधी मरतात ते बघायला आलेली बाई. मी तरी तसंच धरलं.

येताना तिने चंद्रपूरकडच्या एका कोळशाच्या खाणीचं पाणी आणलं होतं. शिवाय पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून चमचाभर मागून घेतलं. मी दिलं. विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणू नये. पुढे तिने मांडणीवर तिचे चंबू मांडले, एस-एक, एस-दोन असे आकडे घातले, आणि हळूहळू तिचा रंग माझ्या आधी यायला लागला. माझ्या मोठ्याला पाच दिवस लागत तिथे तिच्या चंबूला चार. मग साडेतीन. चंद्रपूरचं पाणी जोरकस असणार, मी मनाशी म्हटलं. तिला विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, हीच तर पंचाईत होती.

आणि मॅडम सकाळी दारातून डोकावून विचारायला लागल्या, "संघमित्रा, एस-तीसचं काय?"

एस-तीस! त्याला नावसुद्धा नव्हतं.

लोकांना वाटतं मत्सर म्हणजे जळणं. माझा अनुभव वेगळा आहे. मत्सर म्हणजे सारखं मोजणं. तिला मॅडमनी चहाला किती वेळा बोलावलं, मला किती वेळा. तिच्या चंबूचं बूच कसं बसलंय, माझ्या चंबूचं कसं. शेकरवर, म्हणजे चंबू हलवत ठेवायच्या यंत्रावर, मधली जागा कुणाची. ती मला "ताई, ताई" करायची, डब्यातली सुकटीची चटणी आग्रहाने वाढायची. मी खायचे आणि मनात म्हणायचे, मीठ जास्त झालंय. झालेलं नसायचं.

एकदा तिने विभागात आपल्या कामावर भाषण ठेवलं. मला खास बोलवायला आली. "ताई, या ना. तुमच्याच पोरांबद्दल आहे. कुठला धातू त्यांना चालतो, कुठला अजिबात नाही, सगळं सांगणार आहे. मराठीत सांगते."

"भांडी पडलीयेत," मी म्हटलं.

भांडी पडलेली नव्हती. धुतलेल्या परीक्षानळ्या मी परत धुतल्या, तासभर. पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

नवरात्राच्या आधी मॅडमनी आम्हा दोघींना बसवून घेतलं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्याआधी भंगारातलं तांबं सोडवायची वीस लिटरची टाकी चालू करायची होती.

"टाकीत एकच विरजण पडेल," त्या म्हणाल्या. "दसरा झाल्यावर सोमवारी दोन्हीकडचं एकाच वेळी नव्या पाण्यात घालू. चार दिवसांत ज्याचा रंग येईल ते टाकीत. आणि कांता, मला हे तुला सांगायला बरं वाटत नाही, पण दोन-दोन संच ठेवायला आता जागाही नाही आणि माणूसही नाही. जे मागे पडेल ते बंद करू."

"बंद म्हणजे?"

"वाफेवर ठेवून टाकून द्यायचं."

मी मान हलवली. त्या खोलीत वाफेचं यंत्र कोण चालवतं? मी. म्हणजे माझ्या मोठ्याला आणि धाकट्याला मीच उकळायचं.

संघमित्रा खाली मान घालून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, मी दसऱ्याला नागपूरला चाललेय, दीक्षाभूमीला. आई-बाबा पण आहेत. सोमवारी थेट इथेच. तुमच्यासाठी ताजं हिराकसाचं पाणी करून ठेवू का? पाण्याचं ते पिंप उचलणं तुमच्या गुडघ्यांना झेपत नाही."

"ठेव," मी म्हटलं. तिच्या भलेपणाचासुद्धा मला राग आला.

तिने खरंच जायच्या आधी एक मोठी बाटली करून ठेवली. वर चिठ्ठी लावली: कांताताई. तिची स्वतःची बाटली वेगळी.

खंडेनवमीला आमच्या विभागात पूजा असते. माझे सासरे गिरणीत होते. तिथे खंडेनवमीला साचे, म्हणजे माग, पुसून, हार घालून पुजायचे. ती चाल मी इथे आणली. सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, वाफेच्या यंत्राला झेंडूचा हार. त्या दिवशी सगळं आटपून लोक दुपारीच गेले. मी एकटी मागच्या खोलीत चंबूंपुढे बसले. संघमित्राच्या नव्या पाण्यावर दोघांना आदल्या दिवशीच घातलं होतं, म्हणजे सोमवारपर्यंत ताकद धरतील. पाणी अजून हिरवटच होतं.

हात जोडले तरी मागायचं काय, ते सुचेना. देवा, माझ्या पोरांना बळ दे, एवढंच मागायला हवं होतं. पण मनात त्याच्या शेजारी दुसरं वाक्य उभं होतं, आणि ते काही देवापुढे म्हणण्यासारखं नव्हतं.

तेव्हा मला आईचा रुपया आठवला.

आमच्याकडे मालवणात घरात विरजण नसलं, किंवा विरजण लेचंपेचं झालं, की आई दुधात चांदीचा रुपया टाकायची. राणीछाप. दही कवडीसारखं लागायचं. ते रुपयामुळे की आईच्या हातामुळे, देव जाणे. लग्नात तो रुपया तिने मला दिला, आणि माझ्या पाकिटाच्या आतल्या कप्प्यात तो कायम असतो.

मी काही अडाणी नाही. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी होतात हे मला माहीत होतं. पण ते बाटलीतलं औषध, आणि हा आईचा रुपया. दोन्हींत एकच चांदी आहे हे डोक्यात आलंच नाही. उलट मी काळजी किती घेतली बघा! रुपया साबणाने घासला, स्पिरिटमध्ये बुडवला, चिमट्याने ज्योतीवर धरला, बाहेरचा एक जंतू जाऊ नये म्हणून. आणि "जय देवी" म्हणून मोठ्याच्या चंबूत अलगद सोडला.

दसऱ्याची सुट्टी होती. शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर मोठ्याचं पाणी पिवळसर झालेलं! तीन दिवसांत! मला आनंदाने काही सुचेना. रुपया काढला, परत धुतला, परत ज्योतीवर धरला आणि धाकट्यात टाकला. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं आईने करून कसं चालेल?

संघमित्राचे चंबू शेजारच्याच फळीवर होते. तिच्यासाठी मी रुपया टाकला नाही, हे सांगायला नकोच.

रविवारी दुपारी मी रुपया काढून घ्यायला आले, कारण सोमवारी संघमित्रा येणार आणि विचारणार. मोठा जिथल्या तिथे होता. तेच पिवळसर, त्यापुढे एक कण नाही. धाकटा तर जवळजवळ हिरवाच. रुपया बाहेर काढला. तो काळपट आणि खरखरीत झाला होता. राणीचं नाक बोटाला लागेना. पाकिटात टाकला आणि स्वतःला समजावलं की थंडी पडली असेल. ऑक्टोबरात, परळला.

सोमवारी संघमित्रा आली. नागपूरची संत्राबर्फी आणली होती, माझ्या हातावर पहिली ठेवली. मॅडमच्या देखत आम्ही दोघींनी नव्या पाण्यात घातलं. बुधवारपर्यंत तिचं पाणी तांबूस. माझं दोन्हीकडे निर्मळ हिरवं, श्रावणातल्या विहिरीसारखं.

गुरुवारी मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब बघितला. बराच वेळ बघितला. मग उठल्या आणि खुर्ची मला दिली. एरवी त्या चपळ काड्या इकडून तिकडे पळत असायच्या. आता नुसतेच ठिपके, तरंगत पडलेले.

"मेलेत," मॅडम म्हणाल्या. "मागे पडणं वेगळं. हे मेलेत. कशाने?"

संघमित्राचा चेहरा उतरला होता. तिने जुन्या चंबूतलं थोडं पाणी गाळून परीक्षानळीत घेतलं, त्यात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. नळीत दुधी धूर उठला आणि हळूहळू खाली बसायला लागला. धाकट्याचं घेतलं, त्यातही तेच.

"चांदी," ती म्हणाली. "मॅडम, यात चांदी आहे. चांदीचा एवढा कणसुद्धा त्यांना मारायला पुरतो. तांब्याची सवय होते, चांदीची नाही होत."

त्या खोलीत मी उभी होते आणि माझ्या काखेत पाकीट होतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "इथे चांदी कोण वापरतं?"

"मी," संघमित्रा म्हणाली. "माझ्या धातूंत चांदीही आहे."

"कांताचं पाणी कुणी केलं?"

"मीच. पण मॅडम, ती भांडी वेगळी असतात, मी शपथेवर..."

"शपथ नको. तुझ्या बाटलीतलं पाणी चांगलं, तिच्या बाटलीतलं विषारी. एक भांडं धुवायचं राहिलं असेल. होतं. पण संघमित्रा, चांदीचं भांडं तुला न कळत दुसरीकडे गेलं, तर दोन वर्षांचे तुझे आकडे कसे खरे मानू? कुठल्या चंबूत किती विष होतं, यावरच तर तुझा सगळा प्रबंध उभा आहे." त्या थांबल्या. "टाकी राहू दे. आधी तुझं सगळं पहिल्यापासून तपासावं लागेल. वर्ष लागलं तर वर्ष."

तिची शिष्यवृत्ती मार्चला संपत होती. हे मॅडमना माहीत होतं, तिला माहीत होतं, मलाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही बोलले. खोटं कशाला सांगू, मला दुःख होत होतं, आणि त्या दुःखाच्या आत कुठेतरी गोड लागत होतं. माझी गेली ना, मग तुझंही अडू दे. बाटलीतल्या पाण्याची चाचणी घ्या, असं कुणाला सुचलं असतं तर क्षणात उलगडा झाला असता. पण बाटली मी सोमवारीच रिकामी करून, घासून, पालथी घातली होती. नेहमीच्या सवयीने. भांडं पडलं की मी धुते.

त्या संध्याकाळी दादरला कीर्तन होतं. आमचे हे, राजाराम, बुवांच्या साथीला पेटीवर असतात. मी नेहमी खांबाशी बसते, टाळीला कधी चुकत नाही. कीर्तनात मला पूर्वरंगापेक्षा उत्तररंग आवडतो. गोष्ट सुरू झाली की बुवा पागोटं सावरतात, एक पाऊल पुढे टाकतात, झांजेची एक किणकिण होते, आणि आपण कुठे बसलोय ते विसरायला होतं. इतकी वर्षं मी तिथे मन धुवायला जाते.

बुवा त्या दिवशी मत्सरावर आले. माझ्यासाठी नव्हे, विषयच तो निघाला. म्हणाले, "मंडळी, मत्सरी माणसाला झोप का लागत नाही? अहो, त्याला एकट्याला दोन घरं राखायची असतात! आपल्या घराला कुलूप आहे का ते बघायचं, आणि शेजाऱ्याच्या घराला नाही ना, तेही बघायचं!"

सभामंडप हसला. मीही हसले, सवयीने, आणि हसताना रडायला आलं. पदर लावला तोंडाला. बुवांनी तेवढ्यात नामाचा गजर धरला. सगळ्यांच्या टाळ्या पडायला लागल्या, माझे हात मात्र मांडीवर पाकिटावरच.

घरी चालत येताना हे म्हणाले, "काय गो, आज टाळी खंय गेली तुजी? पेटीवरसून दिसता माका सगळा."

मी रस्त्यातच पाकीट उघडून रुपया त्यांच्या हातावर ठेवला. दिव्याखाली त्यांनी उलटापालटा केला. "अरे देवा! आवशीचो रुपयो? हेका काय झाला? कोणी खाल्लो?"

"माझ्या पोरांनी," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

माझे यजमान बोलतात कमी, पेटीतून बोलतात. शेवटी संघमित्राबद्दल म्हणाले, "चेडवाचो जीव टांगणीक लागलो आसतलो. उद्या सकाळी जा. उशीर करू नको." आणि रुपया माझ्या मुठीत परत घातला.

सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा संघमित्रा तिथेच होती. टेबलावर तिच्या सगळ्या वह्या रचलेल्या. डोळे सुजलेले. मी रुपया वह्यांवर ठेवला.

"चांदी याची आहे," मी म्हटलं. "खंडेनवमीला मोठ्यात टाकला, शुक्रवारी धाकट्यात. तिच्या पाण्यात काही नव्हतं."

दोघी रुपयाकडे बघत राहिल्या. मॅडमना काही कळेना. "पण का, कांता?"

"विरजण हलकं झालं की आमच्याकडे टाकतात."

संघमित्राने रुपया उचलला. खिडकीशी नेऊन कड बघितली, खरखरीत जागा बघितली. रागावण्याआधी तिला त्यात रस वाटला, हे मी पाहिलं. अशी आहे ती. ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "नुसत्या पाण्यात रुपयाला काही झालं नसतं. दुधातही नाही. पण हे जिवाणू लोखंड खाऊन जे तांबूस पाणी करतात ना, ते पाणी चांदी विरघळवतं. म्हणजे ती जितकी जेवली, तितकं विष वाढत गेलं." मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि आता मात्र राग आला. "काल मी इथे उभी होते, ताई. तुमच्या समोर. तुम्हाला कळलं होतं ना कालच?"

"हो."

"आणि रात्रभर?"

"रात्रभर."

"घरी बाबांना मी सांगितलं की माझं संपलं म्हणून. माझ्यासोबत तेही जेवले नाहीत." तिने रुपया परत वह्यांवर ठेवला. "भाषणाला या म्हणून बोलवायला आले होते मी. चांदीवर पंधरा मिनिटं बोलले त्या दिवशी. तुम्ही बसला असतात तर तुमची पोरं आज जिवंत असती."

मी म्हटलं, "मला तुझा हेवा वाटत होता. तुझ्या चंद्रपूरच्या पाण्याचा."

"कुठलं चंद्रपूरचं?" ती थबकली. "ते तर दुसऱ्या आठवड्यातच मेलं."

तिने ढिगातली सगळ्यात खालची वही ओढली आणि पहिलं पान माझ्यासमोर आपटलं. तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: एस-एक. मूळ: कांताताईंचा मोठा चंबू, दहा मिली. त्याखाली एस-दोन, थोडं तांबं. एस-तीन, आणखी थोडं. पानामागून पान, दोन वर्षं, एकेचाळीस पायऱ्या. माझ्याच पोरांना तिने घासाघासाने तांबं पचवायला शिकवलं होतं. ज्यांच्यावर मी दोन वर्षं जळत होते ती माझीच नातवंडं निघाली.

मला वाटलं होतं आता हलकं वाटेल. नाही वाटलं. उलट टोचलं, की माझ्याकडे एकोणीस वर्षं होती आणि त्यांच्यात एवढी धमक आहे हे मला कधी दिसलं नाही. तिला चमचाभरात दिसलं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "कांता," त्या म्हणाल्या, "मागच्या खोलीची किल्ली दे." मी कमरेची किल्ली सोडली. त्यांनी ती संघमित्रापुढे ठेवली. मोठा आणि धाकटा मीच वाफेवर ठेवले. मेलेले होते, तरी वीस मिनिटं पूर्ण ठेवले, नियमाप्रमाणे.

संघमित्रा माझ्याशी आठवडाभर कामापुरतं बोलली. "ताई" म्हणायची, पण चटणीचा डबा पुढे सरकवत नव्हती. बरोबरच होतं. रुपयाचं तिने वजन केलं, किती झिजला ते काढलं, आणि मला विचारून माझं नाव घालून वहीत लिहिलं. मी हो म्हटलं. चूक माझी, तर नावही माझंच असू दे.

दिवाळीनंतर टाकी सुरू झाली. मला वाटत होतं, म्हणजे आशा होती, की ओतायच्या वेळी ती म्हणेल, ताई, तुमच्या हाताने. ती म्हणाली नाही. नरसाळं मी धरलं, विरजण तिने ओतलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. माझे हात नरसाळ्यात गुंतलेले होते, ते एक बरं झालं.

तिसऱ्या दिवशी तिला विद्यापीठात समितीपुढे काम मांडायचं होतं. किल्ली माझ्याकडे देऊन गेली, तासाभरासाठी, असं बजावून. साडेअकराला फोन आला. मागे पुष्कळ गडबड ऐकू येत होती.

"ताई, पाच मिनिटांत मला आत बोलावतील. टाकीचा रंग सांगा. आला असेल तर सांगते त्यांना, नाहीतर तो भाग गाळते. चौथा दिवस नाहीये अजून, मला माहितेय, तरी बघा."

मी दार उघडलं. टाकीची काच पुसली. आत पाणी फिरत होतं, आणि ते काताच्या रंगाचं झालं होतं. एवढी वीस लिटरची टाकी, तिसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत. खोटं सांगायचं तर फार मोठं सांगायला लागलं नसतं. "अजून फिकट आहे गं," एवढं पुरलं असतं, आणि ते कुणाला कधी कळलंही नसतं.

"ताई? आहे का काही?"

"आलाय," मी म्हटलं. "गडद आलाय. बिनधास्त सांग त्यांना."

"नक्की ना? अंदाजे नको हां."

"नक्की." मी परत एकदा काचेतून बघितलं. "एकोणीस वर्षांत माझ्या हातून इतका चांगला रंग इतक्या लवकर एकदाही आला नव्हता."

पलीकडे ती काहीतरी म्हणायला लागली, "ताई, तुम्ही..."

"जा, बोलावतील तुला," मी म्हटलं आणि फोन मीच ठेवला. याहून जास्त कौतुक मला एका दिवसात झेपलं नसतं.